धुरानं आणलेली माता

सोमवारी सकाळी कुंकू लावायला उषाबाईंनी आरशासमोर तोंड नेलं आणि कुंकवाची डबी त्यांच्या हातातून निसटली. दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीच्या खाली लालभडक पुरळ उठलं होतं. कुंकू टेकवायला बोटभर मोकळी जागा सापडेना.

"मयुरी! ये मयुरी! मना तोंडले काय झायं, देख वं!"

मयुरी त्यांची धाकटी लेक. कापड मार्केटातल्या एका दुकानात ती फोनवरून साड्या विकायचं काम करी. त्यामुळे तिची मान फोनातून सहसा वर येत नसे. आज आली.

"मम्मी, आ तो ऍलर्जी छे! हात नको लावू. खाजवू तर बिलकुल नको."

एरवी उषाबाईंनी असल्या पुरळाला धूप घातली नसती. सुरतेच्या भेस्तान भागातल्या त्या सोसायटीत राहायचं म्हणजे अंगाला खाज सुटायचीच. मागच्या बाजूला कापड रंगवायची मिल, मिलचं उंच धुराडं, आणि वाऱ्याचं तोंड कायम सोसायटीकडे. गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी काढावी तर तिच्यावर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके. पापड वाळवायचे तर ते मुळातच तिळाचे आहेत असं पाहुण्यांना सांगायचं, ही तिथली रीतच होती. धुराबद्दल सोसायटीनं मिलला दोनदा अर्ज दिला होता. अर्जाचं उत्तर आलं नव्हतं, धूर मात्र नेमानं येत होता.

त्यात पंचाईत अशी, की त्या धुराड्याखालच्या बॉयलरवर उषाबाईंचे यजमान हिलालच कामाला होते. त्यामुळे घरात धुराविरुद्ध बोलायची सोय नव्हती. कोणी बोललं की हिलाल ताट बाजूला सारून म्हणत, "ज्या धुरवर घर चाली राहिनं, त्याले नावं ठेवू नही." एवढं बोलून ते पुन्हा ताट ओढून घेत.

पण हा आठवडा एरवीसारखा नव्हता. येत्या रविवारी कानबाई बसायची होती, आणि तीही उषाबाईंच्या घरी.

खान्देशातून सुरतेला आलेल्या माणसानं गाव सोडलं, शेत सोडलं, पण कानबाई सोडली नाही. श्रावणातल्या त्या रविवारी सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, नारळाला डोळे-नाक-नथ लावून कानबाईला चौरंगावर बसवतात, नैवेद्याला गव्हाचे रोट भाजतात, गाणी म्हणतात, आणि सोमवारी घरची बाई तिला डोक्यावर घेऊन नदीवर निघते. हिलालच्या भाऊबंदकीत हा मान उधन्याच्या पार्वतीबाईंकडे होता. पार्वतीबाई म्हणजे उषाबाईंच्या थोरल्या जाऊबाई. उषाबाई लग्न होऊन सुरतेला आल्या तेव्हापासून दर श्रावणात उधन्याला जाऊन पुरण वाटत आल्या होत्या. वाटताना त्यांच्या मनात दर वर्षी एकच गोष्ट यायची. एकदा, फक्त एकदा, माझ्या घरी.

यंदा पार्वतीबाईंच्या गुडघ्यांनी माघार घेतली तेव्हा कुठे त्यांनी हो म्हटलं. पण म्हणताना अट घातलीच.

"एक सांगस उषा. काही कमी-जास्त झायं, तर कानबाई परत उधनाले. मंग जनमभर तठेच."

"काहीच व्हवाव नही, आक्का," उषाबाई म्हणाल्या होत्या, आणि त्याच दिवशी त्यांनी अमळनेरपासून नवापूरपर्यंतच्या तमाम नातेवाइकांना फोन लावले होते. आता कानबाई डोक्यावर घेऊन निघायचं आणि तोंड असं? फोटो निघणार, व्हिडिओ निघणार, गावोगाव जाणार. उषाबाईंनी पदर खोचला.

"चल. कोठे शे तुना डॉक्टर?"

डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, तरुण आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी उषाबाईंचं तोंड भिंग लावून पाहिलं, घर कुठं, मिल किती लांब, स्वयंपाक कशावर, सगळं विचारलं.

"बेन, कंई नथी. हवा छे, हवा," त्या म्हणाल्या. मग मयुरीकडे वळून त्यांनी हिंदी-मराठीची सरमिसळ करत नीट समजावलं. धुरातले बारीक कण घामावर चिकटतात, चामडीची भोकं बुजतात. वर पावसाळ्याची दमट हवा, धूर वर जातच नाही, खालीच बसतो. त्यानं चामडी चिडते. रोग नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. "साबण नही लगानेका. तेल, पावडर, क्रीम, कंई नही. थंडा पानीसे मुंह धोनेका. धूर आवे तो बारी बंद. मुंहपे एकदम नरम सुती कपडा. रसोडामां वघार का धुवां, अगरबत्ती का धुवां, ये भी कम करो. ऐसा करोगे तो आठ दिवसमें चोख्खुं."

"मने रविवारपर्यंत पाहिजे," उषाबाईंनी बजावलं.

"तो पूरा पालन करनेका," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. उषाबाईंना असं सांगायला नको होतं. त्या एकदा पाळायला लागल्या की अर्धवट पाळत नसत.

घरी येताच त्यांनी चंग बांधला. मयुरीच्या दुकानातून साड्यांच्या पार्सलला लावायची रुंद चिकटपट्टी आणवली आणि घरातली एकूण एक फट बंद करून टाकली. खिडक्यांवर ओल्या पांढऱ्या चादरी टांगल्या. झाडं हवा साफ करतात असं मयुरीच्या फोननं सांगितलं, तेव्हा उषाबाई खाली गेल्या. सोसायटीत झाड म्हणाल तर एकच, फाटकाजवळचा कडुनिंब. त्याच्या फांद्या तोडून त्यांनी दारावर आणि खिडक्यांना बांधल्या. येईल ती हवा आता पाल्यातून गाळून येईल, असा त्यांचा हिशेब होता. फोडणी बंद केली. उदबत्तीही बंद केली. साबण आणि तेल माळ्यावर गेलं. केसांचं तेल कपाळावर उतरतं म्हणून केस नुसत्या पाण्यानं धुऊन मोकळे सोडले. हिलालचं जुनं मऊ धोतर फाडून त्याचा पांढरा फडका तोंडाला गुंडाळला आणि फरशीवर, थंड जागेत, चटई टाकून त्या बसल्या.

हिलाल कामावरून आले ते दारातच थांबले.

"घर आपलंच शे ना?"

"दार लावा पहिले! तुमनी चिमणीनी हवा आत यी राहिनी."

जेवायला दहीभात आला. दुसऱ्या दिवशी दहीभात, नंतर गार ज्वारीची भाकरी आणि ताक. हिलाल हे सगळं मुकाट गिळत होते. धुराबद्दल बोलायचं नाही हा त्यांचाच कायदा होता, त्यामुळे धुराच्या औषधाबद्दलही त्यांना बोलता येईना.

आता हे सगळं बाहेरून कसं दिसत असेल, याचा विचार उषाबाईंसारख्या जाणत्या बाईनं करायला हवा होता. पण त्यांचं सगळं ध्यान रविवारकडे लागलं होतं. विचार केला तो खालच्या मजल्यावरच्या रंजनानं. रंजना परभणीकडची, तिचा नवरा बांधकामावर. ती बुधवारी विरजणासाठी वाटी घेऊन वर आली आणि तिची पावलं जिन्यातच अडली. दाराला कडुनिंब. खिडक्या बंद. ओल्या चादरी. फोडणीचा वास नाही. अर्धवट उघड्या दारातून दिसणारी उषाबाई, केस मोकळे, तोंड पांढऱ्या फडक्यात, चटईवर बसलेली. फडक्याच्या कडेनं लाल लाल फोड डोकावत होते.

रंजनानं वाटी खाली ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडले.

"मावशी, कवापासून हाय?"

"सोमवारपासून," उषाबाई फडक्यातून म्हणाल्या. "तू आत येऊ नको, हवा येते."

"नाही नाही, मी कशाला आत येऊ!" रंजना उलट्या पावलांनी जिना उतरली. वाटी तशीच राहिली.

तासाभरात दाराबाहेर पाण्यानं भरलेला एक कोरा माठ आला. मग दुसऱ्या मजल्यावरून दहीभाताचं पातेलं आलं. मग कडुनिंबाचा आणखी पाला, वर हळदीकुंकू वाहिलेला. दारासमोरून जाताना बायका चपला हातात घेऊन जाऊ लागल्या, पोरं ओरडेनाशी झाली, आणि वरच्या मजल्यावरच्या भांडकुदळ नवरा-बायकोनं त्या दिवसापुरतं भांडण पुढं ढकललं. उषाबाईंना आधी वाटलं, माणसं किती चांगली असतात. चौथा माठ आला तेव्हा मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"मयुरी, हाई काय चाली राहिनं वं?"

मयुरी खाली जाऊन आली ती तोंडावर हात दाबतच.

"मम्मी, सगळे म्हणतात तुझ्या अंगावर माता आली. गोवर-कांजिण्यावाली माता!"

उषाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता त्यांच्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट लख्ख उभी राहिली. ज्या घरात माता येते तिथं कडुनिंब बांधतात, तिथं साबण नसतो, तेल नसतं, फोडणी नसते, गार खातात, दार लावून घेतात. डॉक्टरीणबाईंनी आणि फोननं सांगितलेलं सगळं पथ्य त्यांनी पाळलं होतं, आणि ते गार जेवणापासून कडुनिंबापर्यंत मातेचंच पथ्य निघालं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे, ज्या घरात माता आहे त्या घरात तवा तापत नाही, कढई चढत नाही. मग रोट कसे होणार? कानबाई कशी बसणार?

"आक्काले समजाले नको जोयजे," त्या पुटपुटल्या.

पण उधन्याला तोवर समजलंही होतं. रिक्षा फाटकाशी थांबली होती, आणि गुडघे दुखतात म्हणून तीन महिने घराबाहेर न पडलेल्या पार्वतीबाई जिना चढत होत्या.

"उषा! माता घरमा, आनि तू मले सांगत बी नही?"

"माता नही आक्का! हाई धूर शे, धूर! डॉक्टरनं लिहून देयेल शे, हाई देखा."

"डॉक्टरले मातानं काय समजस? फडकं काढ. तोंड दखाड मले."

फडकं काढावं तर पुरळ दिसणार. न काढावं तर लपवलं म्हणणार. उषाबाईंनी फडकं काढलं. दोन दिवसांची घुसमट, बंद खिडक्यांचा उकाडा आणि मनस्ताप यांनी त्यांचं तोंड आधीच टोमॅटोसारखं झालं होतं. त्यावर ते फोड. पार्वतीबाईंनी एक नजर टाकली आणि, ज्या बाईनं आजवर धाकट्या जावेच्या हातचा चहासुद्धा नावं ठेवल्याशिवाय प्यायला नव्हता, त्या बाईनं दुखरे गुडघे टेकून उषाबाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

"माय, कोप करू नको. लेकरा-बाळासनं घर शे."

मागून रंजना आणि सोसायटीतल्या सात-आठ बायका आल्या होत्या. त्याही वाकल्या. उषाबाईंना एक क्षण, अगदी खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. पण पार्वतीबाईंचं पुढचं वाक्य आलं.

"कानबाई मी उधनाले बसाडस. तू काही काळजी करू नको, माय."

उषाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या ताडकन उठल्या. केस मोकळे, डोळे लाल, अंग रागानं थरथरतंय.

"मी माता नही! कितला सांगू तुमले? मले हाऊ धूर सोसावत नही! मनं तोंड जळी राहिनं! बंद करा ते धुराडं! पहिले ते धुराडं बंद करा!"

मग रंजना हात जोडून म्हणाली, "आईनं मागणं सांगितलं बाया. चला."

बायका निघून गेल्या. कुठं गेल्या, ते उषाबाईंना दुपारी कळलं. मिलला लागल्यापासून हिलाल कधी भर दुपारी घरी आले नव्हते. आज आले, घामानं डबडबलेले, आणि माठातलं पाणी सरळ डोक्यावर ओतून घेऊन खाली बसले.

"काय झायं?" उषाबाईंनी विचारलं.

"अरे देवा! सगळी सोसायटी गेटवर उनी. हातमा लिंबना पाला. म्हणे, माता कोपनी, धूर बंद करा. शेठ बाहेर उना, मले इचारस, 'हिलालभाई, आ शुं छे? कोना घरे माताजी आव्यां?' आते मी काय सांगू?"

"काय सांगं मंग?"

"सांगं, मना घर." हिलालनी कपाळाला हात लावला. "शेठना तोंडवरना रंगच गया. त्याना हापिसमा मातानी मोठी तसबीर शे, दिवसरात दिवा राहस. तो यी राहिना आठे."

"आठे? कोन?"

शेठ जिन्यातच होता. पायातले बूट त्यानं खालच्या मजल्यावरच काढले होते. हातात नारळ, लाल चुनडी आणि पेढ्याचा खोका. दोन अर्जांकडे ज्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं, तो हा माणूस आता उंबऱ्यावर गुडघे टेकून बसला.

"मा, भूल थई गई. हुकम करो."

उषाबाईंनी हिलालकडे पाहिलं. हिलाल जमिनीकडे पाहत होते. मयुरी स्वयंपाकघराच्या दारात ओढणी तोंडात कोंबून उभी होती. उषाबाईंनी ठरवलं, झाला एवढा तमाशा पुरे. जे आहे ते सरळ सांगून टाकायचं.

"शेठ, उठा. मी माता नाही. मी तुमच्या हिलालची बायको. तुमच्या धुराड्याच्या धुरानं माझं तोंड असं झालंय. डॉक्टरनं सांगितलंय. माझंच नाही, इथल्या पोराटोरांची अंगंही खाजतात. धूर साफ करा, म्हणजे मी बरी होईन. बाकी मला काही नको. पेढेसुद्धा नको."

एवढं स्वच्छ बोलणं उषाबाई आयुष्यात बोलल्या नव्हत्या. शेठनं ते हात जोडून, डोळे मिटून ऐकलं.

"मा बोली," तो हळूच म्हणाला, आणि चुनडी उंबऱ्यावर ठेवून उठला. "हिलालभाई, स्क्रबर चालू करो. अत्यारे ज."

धूर पाण्यानं धुऊन मग वर सोडायचं ते मशीन मिलमध्ये होतं, हे उषाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वीज फार खातं म्हणून ते तपासणीवाले साहेब यायच्या दिवशीच चालत असे.

"तुमले माहीत व्हतं?" शेठ गेल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं.

टॉवेल उचलून हिलाल कामावर परत गेले.

गुरुवारी सकाळी धुराड्यातून जे निघालं ते धूर म्हणावं असं नव्हतंच. पांढरी वाफ तेवढी निघत होती. शुक्रवारी गच्चीवरची चादर जशी घातली तशीच परत आली. उषाबाईंनी चिकटपट्ट्या काढल्या, खिडक्या उघडल्या, आणि शनिवारी सकाळी आरशात पाहिलं. पुरळ बसलं होतं. गालांवर फिकट गुलाबी ठिपके उरले होते, पण कपाळ मोकळं होतं. त्यांनी मोठं, ठसठशीत कुंकू लावलं आणि गहू निवडायला घेतले.

"हाई काय करी राहिनी?" मागून पार्वतीबाई म्हणाल्या. मातेची सेवा करायची म्हणून त्या बुधवारपासून तिथंच मुक्काम ठोकून होत्या. उषाबाईंना पाणी देत, वारा घालत, पाय चेपत होत्या.

"रोटना गहू."

"माता निघी गई, ते खरं. पण रीत शे उषा, पाच दिवस पाळना पडतस. ह्या घरमा उद्या तवा चढाव नही. मी अमोलले रिक्षा लई बलायेल शे. चौरंग उधनाले जाई."

उषाबाईंनी समजावून पाहिलं. डॉक्टरीणबाईंचा कागद पुन्हा दाखवला. मयुरीनं फोन लावून डॉक्टरीणबाईंना बोलायला लावलं. पार्वतीबाईंनी फोन कानापासून हातभर लांब धरून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बाई चांगली शे. पण आपली नही." खाली रिक्षाचा भोंगा वाजला. पार्वतीबाईंचा मुलगा अमोल वर आला, त्यानं कानबाईसाठी मांडून ठेवलेल्या चौरंगाला हात घातला. रंजना आणि बाकीच्या बायका दारात जमल्या होत्या.

उषाबाईंचं रडू फुटायच्या बेतात होतं. सबंध आठवडाभर त्या खरं बोलल्या होत्या. जावेशी, शेजारणींशी, शेठशीसुद्धा. खऱ्यानं धूर बंद झाला होता, तोही भलत्याच कारणानं. आता चौरंग दाराबाहेर पडला की जन्मभर उधन्याला पुरण वाटायचं. त्यांनी डोळे मिटले. मनातल्या मनात म्हणाल्या, कानबाई माय, एकदाच. समजून घे.

मग त्यांनी अंबाडा सोडला. केस पाठीवर पसरले. त्या चटईवर मांडी घालून बसल्या आणि डोळे जितके मोठे होतील तितके मोठे केले.

"पार्वती!"

आक्का नाही, जाऊबाई नाही. नुसतं पार्वती. अमोलच्या हातातून चौरंग खाली आला.

"मी कोन शे?"

पार्वतीबाई जागच्या जागी गारठल्या. "माता शेस, माय."

"मंग आयक. मी जाई राहिनू. मनी जागावर मनी बहीण येवाव शे. तिले उधनाले नेशी, तर मी परत येसू. आनि ह्या वखतले तुना घर येसू."

पार्वतीबाई अशा चपळाईनं खाली वाकल्या की गुडघ्यांचं दुखणं कुठं गेलं ते कळलं नाही.

"नही माय, नही! कानबाई आठेच बसी! अमोल, चौरंग ठेव रे तठे!"

हिलाल दारात उभे होते. त्यांनी हे सगळं पाहिलं, खोकल्यासारखं केलं आणि गच्चीवर निघून गेले.

रविवारी कानबाई बसली. अमळनेरपासून नवापूरपर्यंतचे सगळे आले. पुरण वाटायला पार्वतीबाई बसल्या. कानबाईला नथ घालताना उषाबाई तिच्याजवळ वाकल्या. "माय, तुनी मोठी बहीण व्हयनू मी, एक दिवस. राग धरू नको," असं त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. कानबाईच्या चांदीच्या डोळ्यांत रागाचं काही चिन्ह दिसलं नाही.

सोमवारी उषाबाई कानबाईला डोक्यावर घेऊन तापीवर निघाल्या. पुढं ढोल, मागं फुगड्या, रंजनापासून सगळी सोसायटी सोबत. उषाबाईंचं तोंड उघडं होतं आणि ऊन पडलं की गुलाबी ठिपके दिसत होते. दिसू देत, त्यांना आता पर्वा नव्हती. अर्ध्या वाटेत त्या थांबल्या आणि कानबाई पार्वतीबाईंच्या डोक्यावर दिली. पार्वतीबाईंनी ती घेतली, आणि चार पावलं चालल्यावर शेजारी चालणाऱ्या उषाबाईंना हळूच म्हणाल्या,

"उषा, पुढला वखतले इतला मोठा डोळा करू नको वं. मले हसू ई राहिनं व्हतं."

उषाबाईंचा पाय अडखळला. "तुमले समजनं व्हतं? मंग पाया काबं पडन्यात?"

"चार मानसं व्हतीस ना दारमा," पार्वतीबाई म्हणाल्या. "आनि तू चौरंगकडे देखी राहिनी व्हतीस, ते बी मी देखं." मग गळा साफ करून त्यांनी सगळ्यांत वरचा सूर लावून गाणं म्हणायला सुरुवात केली.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. एके दिवशी गच्चीवरची चादर काढताना उषाबाईंना तिच्यावर काळे तीळ दिसले. त्यांनी वर पाहिलं. धुराड्यातून पूर्वीसारखाच जाड काळा लोट निघून सोसायटीकडे वळत होता. गालाला खाज सुटल्यासारखं वाटलं. हात लावायचा नाही म्हणून त्यांनी तो पदरात गुंडाळला आणि त्या खाली आल्या. हिलालना काय बोलायचं, याचा त्या विचार करत होत्या. बोललं की ताट बाजूला सरणार, आणि मग ते ठरलेलं वाक्य ऐकावं लागणार.

संध्याकाळी दाराशी खुडबुड ऐकू आली. उषाबाईंनी दार उघडलं. हिलाल उंबऱ्याबाहेर स्टुलावर उभे होते. हातात कडुनिंबाच्या दोन हिरव्यागार फांद्या, तोंडात सुतळी.

"हाई काय?"

हिलालनी सुतळीची गाठ पक्की मारली, स्टुलावरून उतरून, दोन पावलं मागं होऊन फांद्या सरळ बसल्या का ते पाहिलं, आणि रंजनाला ऐकू जाईल अशा बेतानं जिन्याकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले,

"केस मोकळा सोड आते. शेठनी मशीन बंद करी टाकं."